पायाळूची पाठ

नकुशीच्या अंगणात माणसं यायची ती उजाडायच्या आधी, आणि यायची ती न बोलता.

मांडवगण फराट्याहून नदीकडं जी वाट उतरते तिच्यावर, उसाच्या दोन फडांच्या मधे, तिची वस्ती होती. वस्ती म्हणायची आपली; पत्र्याची एक खोली, पुढं छपर, दारात तुळस आणि एक म्हातारं कुत्रं. कुत्रं आता भुंकत नसे, नुसतं मान वर करून बघे. त्यावरून नकुशी ओळखायची की कुणीतरी आलं. अंघोळ करून ती तयारच असे. आलेलं माणूस चपला वाटेवर सोडून छपरात यायचं आणि अंथरलेल्या घोंगडीवर पालथं पडायचं. मग ती छपराची मेढ उजव्या हातानं धरून, एकट्या उजव्या पायावर उभी राहून, डाव्या पायाची टाच त्याच्या पाठीवरून तीनदा फिरवायची. कमरेपासून खांद्यापर्यंत, हलक्या पायानं, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तशी. झालं की ते माणूस उठायचं आणि मागं न बघता निघून जायचं.

नकुशी पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याकडून न येता पायाकडून आली होती. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं त्या पट्ट्यातली गावं मानतात. वाकताना, पोतं उचलताना, कधी नुसतं शिंकतानासुद्धा पाठीत एकाएकी कळ भरते आणि माणूस जागच्या जागी आखडतं, ती उसण. ती उतरवायचे नेम ठरलेले. आलेल्यानं घरातून निघाल्यापासून तोंड उघडायचं नाही. पायाळूनं चहाचा घोटसुद्धा घेतलेला नसावा. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, काही द्यायचं घ्यायचं नाही, आभारही मानायचे नाहीत. बोललं की गुण जातो.

चौथी मुलगी म्हणून तिचं नाव नकुशी ठेवलं होतं. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता, तिथंच मेंढरांच्या वाड्यावर ती जन्मली. सुईण म्हणाली, पोरगी पायाळू हाय, जपा तिला. तेवढ्या एका गोष्टीनं तिला घरात जागा झाली. पुढं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, पदरात लेकरू नव्हतं. बाप जाऊन तिला घेऊन आला. तिच्या सासरच्यांना तो म्हणाला होता, "तिचा पाय आमच्या गावाच्या कामाचा हाय. हितं कशाला ठिवू?"

त्याला आता चाळीस वर्षं होत आली. बाप गेला, भाऊ म्हाळू गेला. म्हाळूचा सुरज रांजणगावला कंपनीत लागला आणि शिक्रापुरात खोली करून राहिला. रविवारी त्याचा फोन यायचा. "आत्या, बरी हायेस ना? मग ठिवतो." ती बरी आहे म्हणेपर्यंत फोन ठेवलेला असायचा.

गावातल्या निम्म्या माणसांच्या पाठी नकुशीला ठाऊक होत्या. कुणाच्या खांद्याखाली तीळ आहे, कुणाची एक बाजू ऊस तोडून तोडून दगडासारखी झालीय, कुणाची पाठ या वर्षी हाडावर आलीय. त्या माणसांच्या घरात काय चाललंय ते मात्र तिला ठाऊक नसे. बाजारात भेटली तर ती माणसं जराशी मान हलवून पुढं जात. बोलताना चुकून आभाराचा शब्द निघाला तर गेलेली उसण परत भरायची, अशी त्यांना धास्ती. तिला त्यांचा राग नव्हता. नेम हा नेम असतो. देवाला एकदा हो म्हटलं की रोज नव्यानं का म्हणून विचारायचं नसतं. पण कुत्र्यानं मान वर केली, वाटेवर चपला सोडल्याचा आवाज आला, की तिच्या दिवसाला सुरुवात व्हायची. कुणी आलं नाही, तर तो दिवस संध्याकाळपर्यंत तसाच पडून राही, न झाडलेल्या अंगणासारखा.

मार्गशीर्षात एका पहाटे, एका बाईच्या पाठीवर तिसऱ्यांदा पाय फिरवताना तिच्या स्वतःच्या कमरेतून उजव्या पायात सणक गेली, पार घोट्यापर्यंत. तिनं मेढ सोडली नाही, तोंडातून आवाज काढला नाही. बाई उठून गेली. मग नकुशी मेढीला धरूनच खाली बसली, ती ऊन छपरात येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी एक जण आला. तिला डावा पाय वीतभरसुद्धा उचलवेना. तिनं हात जोडले. तो बघत राहिला, मग निघून गेला. तिसऱ्या दिवशी दोघं आले, त्यांनाही हात जोडले. चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. गावात कळलं होतं.

बांधापलीकडची पार्वतीबाई दूध घेऊन आली, तेव्हा नकुशी भिंतीला टेकून बसली होती.

"आता गं बया," पार्वतीबाई म्हणाली. "पायाळूच्या पाठीला पायाळू कुठनं आणायचा? एक काम कर, तूच तुझ्या पाठीवर पाय दे."

"हसवू नको, पार्वते. हसलं की कळ येती."

"मग रड. रडताना येत न्हाई ना?"

"त्ये बघितलं न्हाई अजून."

पार्वतीबाईनं दूध तापत ठेवलं आणि चुलीपाशी फतकल मारली. "माझा खांदा धरला व्हता तवा सुनंनं नेलती मला दौंडला. हाताची डॉक्टरीण हाय तिथं. भांडगावची पोरगी, प्रांजल नाव. आधी पुण्यात शिकली आन् मग पुन्ना चार-पाच वर्षं ह्येच शिकली. सुई न्हाई, गोळी न्हाई. दर गुरुवारी येती."

"म्हंजी मालिश?"

"मालिश न्हाई गं. मालिशवाला रगाडतो. ही नुसता हात ठिवून बसती. मला वाटलं, झोपली का काय."

"आन् गुण आला?"

पार्वतीबाईनं हात डोक्यावर नेऊन अंबाडा घट्ट केला आणि खाली घेतला. तेच तिचं उत्तर होतं.

नकुशीनं दोन दिवस विचार केला. आपल्या पाठीला दुसऱ्याचा हात लावून घेणं नेमात बसतं का, हे विचारायला कुणी नव्हतं. शेवटी तिनं तुळशीपुढं उभं राहून सांगून टाकलं, की पाय उचलता यावा म्हणून जाते, दुसरं काही नाही. माणसं यायची थांबली तर मी कुणासाठी उठू, हे तिनं म्हटलं नाही. ते तुळशीला ठाऊक होतं.

गुरुवारी वडापच्या जीपनं ती पूल ओलांडून केडगावला आणि तिथून एसटीनं दौंडला गेली. दवाखाना एका मेडिकलच्या वर होता. पाटीवर ऑस्टिओपॅथी असा लांब शब्द होता, तो तिनं अक्षर लावून दोनदा वाचला आणि सोडून दिला. आत एक उंच, सपाट पलंग, दोन खुर्च्या आणि भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं चित्र. डॉक्टरीण तिशी-पस्तिशीची असेल. नखं अगदी कापलेली, हातात बांगडी नाही.

"बसा मावशी. घाई नाही. कसं झालं सांगा."

नकुशीनं एका वाक्यात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मग एकेक विचारायला घेतलं. कळ कुठून निघते, कुठं थांबते. पाय बधिर होतो का, लुळा पडतो का. लघवीला अडतं का, किंवा कळत नाही असं होतं का. बसण्याच्या जागी बधिर वाटतं का. ताप, वजन, पडझड. झोप कशी येते. कुठल्या कुशीवर. पाणी कोण भरतं. जेवण कुणाबरोबर होतं.

"एकलीच," नकुशी म्हणाली. मग तिला वाटलं एवढ्यानं कमी पडेल. "कुत्रं असतं."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतलं.

अर्धा तास झाला असेल. इतकं तिला एकाच बैठकीत कुणी कधी विचारलं नव्हतं, लग्न ठरवतानासुद्धा नाही. उत्तरं देता देता तिचा आवाज तिलाच नवा वाटायला लागला.

मग बाईंनी तिला उभं केलं आणि मागून दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवले. नुसते ठेवले. मग खांद्याच्या पात्यांवर, मग गुडघ्यांच्या मागं. पलंगावर उताणं झोपवून एक हात पाठीखाली सरकवला आणि तिथं तो तसाच राहिला. नकुशी छताकडं बघत होती. तिला आठवायला लागलं, आपल्याला कुणी शेवटचं कधी धरलं होतं. रेशनच्या दुकानदारानं. अंगठा मशीनवर उमटत नव्हता म्हणून त्यानं तिचं बोट धरून दाबलं होतं, दोनदा. त्याच्या आधीचं काही आठवेना.

डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं. डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या हातानं टेबलावरचा कागदी रुमाल उचलून तिच्या मुठीत दिला, आणि पाठीखालचा हात होता तिथंच ठेवला.

"दुखतंय तिथं तुम्ही हात लावीनाच," थोड्या वेळानं नकुशी म्हणाली.

"तिथं आज नाही लावणार. घोंगडीचा एक कोपरा ओढला की चुणी कुठं पडते? दुसऱ्याच जागी. चुणी कितीही चोळली तरी ओढणारा कोपरा सुटत नाही. अंग तसंच एकसलग असतं. तुमचा ओढणारा कोपरा उजव्या तळपायात आहे आणि थोडा फासळ्यांत. श्वास अर्धाच घेताय तुम्ही. दबकून."

"दबकून कशाला घेऊ?"

"ते तुम्हाला माहीत. आवाज होऊ नये म्हणून माणूस जसा श्वास घेतं, तसा."

डॉक्टरीणबाईंनी तिचा उजवा तळपाय दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यांनी हळू ताणला, घोटा वळवला. फासळ्यांखाली बोटं ठेवून, सोडा श्वास, अजून सोडा, म्हणाल्या. कुठं कडकड वाजवलं नाही, कुठं जोर केला नाही. तरी उठून बसताना नकुशीला आपलं वजन दोन्ही बाजूंना सारखं पडल्यासारखं वाटलं.

"लगेच सगळं जाणार नाही. तीन-चार वेळा यावं लागेल. बरं करणारं अंगच असतं, मावशी. माझा हात अडलेलं तेवढं मोकळं करतो. आता मला सांगा, एका उजव्या पायावर उभं राहायचं असं काय काम करता तुम्ही?"

नकुशीला लपवता आलं नाही. तिनं सगळं सांगितलं. पहाट, घोंगडी, मेढ, तीनदा फिरवायची टाच, न बोलणं. शिकलेली पोरगी हसेल म्हणून ती खाली बघत सांगत होती. पोरगी हसली नाही.

"माझी आजी न्यायची मला एका पायाळूकडं," ती म्हणाली. "उसण बहुतेक वेळा चार दिवसांत आपली आपण सुटते. त्यात पालथं पडून कुणाचा तरी पाय पाठीवर आला, भीती गेली, श्वास सुटला, की आणखी लवकर सुटते. त्यात वाईट काही नाही. मला भीती दुसऱ्याची आहे. ज्यांची उसण नसतेच, त्यांचं काय करता?"

नकुशीच्या डोळ्यांपुढं रोहिदास आला.

तीन वर्षांपूर्वी रोहिदास आला होता, ट्रॅक्टर चालवायचा तो. वाटेवरून येताना त्याचा डावा पाय मातीत ओढला जात होता. मातीत रेघ उठली होती, ती उजाडल्यावर तिनं बघितली होती. त्याला विचारावं असं तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही, बोललं की गुण जातो. तीनदा टाच फिरवली. तो गेला. दुसऱ्या पहाटे पुन्हा आला, तिसऱ्या पहाटे दोघांनी धरून आणला. मग दवाखाना. आता तो चाकाच्या खुर्चीत दारात बसलेला असतो, आणि नकुशी त्या आळीनं जात नाही.

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी लिहायचा कागद बाजूला ठेवला. "लवकर गेला असता तर पाय वाचले असते का, ते मी इथं बसून सांगू शकत नाही," मग म्हणाल्या. "पण काही दुखणी तासांवर असतात. जिथं हाताचं काम नाही तिथून हात काढून घेता आला पाहिजे. मला ते शिकायलाच जास्त वर्षं लागली. मी तुम्हाला मघाशी विचारलं ते आठवतं? पाय लुळा पडतोय का. बसायच्या जागी बधिर आहे का. लघवी तुंबलीय का. यातलं एक जरी हो आलं, तर पायाचं नाही, हाताचं नाही, थेट मोठ्या दवाखान्याचं काम."

"पर इचारायचं कसं? बोलायचंच नसतं."

"ते तुम्ही आणि तुमचा देव ठरवा," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "मी एवढंच सांगते, यापुढं एका पायावर उभं राहायचं नाही. खुर्चीवर बसून पाय फिरवा."

चार गुरुवार ती गेली. पौष सरता सरता तिला अंगणातली बादली उचलता यायला लागली. पार्वतीबाईनं गावात सांगितलं, आणि एका पहाटे कुत्र्यानं मान वर केली.

माणसं परत यायला लागली. आता ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाय फिरवायची. पहिल्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्यानं खुर्चीकडं संशयानं बघितलं, पण नेमात खुर्ची बसत नाही असं कुठं सांगितलेलं नव्हतं. नकुशी बसल्या बसल्या आलेल्याची चाल बघायची. सगळी उसणच होती. ती देवाचे आभार मानायची आणि मुकी राहायची. तीन प्रश्न तिच्या जिभेखाली खडीसाखरेसारखे ठेवलेले असायचे; विरघळतही नव्हते.

माघातल्या एका पहाटे जालिंदर आला. पलीकडच्या मळ्यातला, फुलशेतीवाला, चाळिशीचा. मागं दहा पावलांवर त्याची बायको साधना, तोंडाला पदर लावून. जालिंदर दोन्ही पाय फेकल्यासारखे टाकत होता. चपला काढायला थांबला, आणि एक चप्पल पायातून आधीच कुठंतरी गळून पडलीय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं खाली बघितलं, मग मागं बघितलं, आणि तसाच पुढं आला.

नकुशीनं ते बघितलं.

तो घोंगडीवर पालथा पडला. तिनं पाय उचलला, आणि खाली ठेवला. श्वास दबकून चालला होता. आत्ता तोंड उघडलं तर सांजेपर्यंत सगळ्या वस्त्यांवर जाईल की पायाळू बोलली. मग कुत्रं मान वर करणार नाही, कुणी चपला सोडणार नाही, आणि उरलेल्या आयुष्यातली प्रत्येक सकाळ रविवारच्या फोनइतकी होईल. हे सगळं तिला स्वच्छ दिसलं. त्याच्या शेजारी मातीतली एक रेघही दिसली.

"जालिंदर," ती म्हणाली. "लघवी कवा झाली तुला?"

तो दचकला. मान वळवून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. साधना वाटेवरून पुढं धावली. "आत्या, बोलू नका. गुण जाईल."

"जाऊ दे गेला तर. सांग, जालिंदर. कवा झाली?"

नकुशी खुर्चीवरून उतरून त्याच्या पायांपाशी बसली. चाळीस वर्षं आलेल्यांना नुसता पाय लावला, त्यांतल्या एकाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. पावलं बर्फासारखी गार. "आंगठं वर कर." आंगठे हलले नाहीत. तिनं मांडीच्या आतल्या बाजूला बोट रोवलं. "हितं कळतंय?"

"काय?" जालिंदर म्हणाला. तिनं बोट लावलंय हेच त्याला कळलं नव्हतं. मग त्याचा चेहरा बदलला. घोंगडीत तोंड घालून तो हळूच म्हणाला, "काल दुपारपासनं न्हाई झाली. मला वाटलं, उसणीनंच आखडली आसंल."

"साधना, फोन लाव. गाडी बोलव. ही उसण न्हाई. केडगाव न्हाई, दौंड न्हाई, थेट पुण्याला न्या. आन् मी सांगते तसं दाराशीच सांगा, पाय गेलेत, बधिर हाय, लघवी तुंबलीया. उद्या म्हणू नका."

साधना थिजल्यासारखी उभी होती. "तुम्ही बोलला म्हणून झालं का ह्ये?"

"व्हय," नकुशी म्हणाली. वाद घालायला वेळ नव्हता. "मी बोलले. आता माझ्या पायानं काय व्हायचं न्हाई. गाडी बोलव."

फुलं मार्केटला नेणारा टेम्पो अर्ध्या तासात आला. मोकळ्या क्रेटवर गादी टाकून त्याला निजवलं. धूळ खाली बसेपर्यंत नकुशी वाटेवर उभी होती. मग तिनं गळून पडलेली चप्पल शोधून आणली, झटकली आणि छपरात ठेवली.

त्याच संध्याकाळी त्याचं ऑपरेशन झालं. हे तिला तिसऱ्या दिवशी पार्वतीबाईकडून कळलं.

"पाय येतील म्हणत्यात हळूहळू. लघवीची नळी काढली," पार्वतीबाई म्हणाली आणि दुधाचं भांडं उगाच पुसत राहिली. "पर गावात वेगळंच चाललंय, नकुशे."

"काय?"

"की साधी उसण व्हती. तू बोललीस म्हणून बिघडली आन् ऑपरेशनवर गेली. साधनाची सासूच सांगत फिरती. मी म्हणलं तिला, आगं तुझा ल्योक वाचला. ती म्हणती, पुण्याच्या डॉक्टरनं वाचवला, हिनं तर घालवला व्हता."

"पाय येतील म्हणाले ना?"

"व्हय."

"मग म्हणू दे."

"म्हणू दे काय? एक शब्द बोल की जाऊन. तशी बोलायला लागलीच हायेस." पार्वतीबाईला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं, आणि मग आलं नाही.

नकुशी गेली नाही. आभार घ्यायचे नसतात, तसा दोष परत करायचाही नसतो, असं तिनं मनाशी धरलं. पण सकाळ झाली की मन ऐकत नसे. नेमानं ती उठायची, अंघोळ करायची, घोंगडी अंथरायची, खुर्ची झटकायची. चहा न घेता बसून राहायची. फडात ऊस तोडणाऱ्यांची गाणी सुरू व्हायची, पूर्वेला तांबडं फुटायचं, कुत्रं पायांत तोंड घालून झोपलेलं. ऊन छपरात आलं की ती घोंगडीची घडी घालायची. फाल्गुन गेला. एकदा बाजारात साधना समोरून आली. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत ती क्षणभर थांबली, आणि सासू मागं आहे हे बघून पुढं गेली. चप्पल अजून छपरातच होती.

चैत्रात, पाडव्यानंतरच्या सोमवारी, कुत्र्यानं मान वर केली.

आलेला माणूस अनोळखी होता. साठीचा, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, कमरेत वाकलेला. वाटेवर त्यानं चपला नीट जोडीनं काढल्या. ह्या गावचा नव्हता, त्याला काही ठाऊक नव्हतं. कुठूनतरी तिचं जुनं नाव ऐकून, तोंड न उघडता, अंधारात निघालेला. तो घोंगडीवर पालथा पडला आणि वाट बघत राहिला.

चाल ठीक होती त्याची. पाय उचलत होते. उसणच असणार, नव्याण्णव भाग. गप्प राहून तीनदा टाच फिरवली की हा गुण घेऊन आपल्या गावी जाईल, तिथं दोघांना सांगेल, ती दोघं येतील. तिकडून पुन्हा वाट सुरू होईल. तिला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तिला जन्मभर येत होतं.

नकुशीनं श्वास पुरता सोडला.

"कुठनं आलात, दादा?"

माणसाची पाठ ताठ झाली. तो उठून बसला, वाटेकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"भिऊ नका. मी आधी इचारते, मग पाय लावते. माझा नेम आता असा हाय. कुठनं आलात?"

फडात कुणीतरी खोकललं.

"कासुर्डीहून," शेवटी तो म्हणाला. "कोंडिबा. पुतण्याच्या मोटारसायकलवर आलो, त्याला तिकडं सडकंलाच उभा केलाय."

"कवा भरली?"

"परवा. शेळीला उचलताना."

तिनं तीन प्रश्न विचारले. तिन्हीला न्हाई आलं. मग तिनं झोप विचारली, आणि त्यानं सांगितलं की झोप येत नाही. जेवण कुणाबरोबर होतं ते विचारलं, आणि तो थांबला. मालकीण माघात गेली, म्हणाला. शेळी तिची होती. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही, म्हणून उचलावी लागते. मग शेळीचं सांगितलं, मालकिणीचं सांगितलं, ती कालवणात गूळ टाकायची ते सांगितलं. सांगता सांगता उजाडलं. नकुशी खुर्चीवर बसून ऐकत होती. शेवटी त्याला आठवलं आणि तो पुन्हा पालथा पडला. तिनं तीनदा पाय फिरवला.

तो उठला. निघताना त्याला कळेना, मागं बघायचं की नाही. वाटेवर चपला घालताना त्यानं अर्धी मान वळवली, तेवढीच, आणि सडकेकडं गेला.

नकुशीनं घोंगडीची घडी घातली. हा माणूस परत येईल का, तिकडं जाऊन काय सांगेल, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला त्यानं काही विचारलं नव्हतं. नाव, गाव, पाठ कशी आहे, काहीच नाही. ते कुणाच्या डोक्यातच येत नाही.

तिनं चुलीवर चहा ठेवला आणि बोटावर दिवस मोजले. दौंडचा गुरुवार तीन दिवसांवर होता.